एकशे सत्तर

क्रँकच्या आतल्या अंगाला, चेनच्या काळ्या वंगणाखाली
एक आकडा कोरलेला असतो.
नऊ वर्षं मी तो वाचला नव्हता.
लाद्रू मिस्त्रीने रॉकेलच्या चिंधीने पुसून दाखवला:
एकशे सत्तर.
"मॅडम, ही उंच माणसाची. तुमची नाय."

उंच माणूस म्हणजे माझा भाऊ श्रीरंग,
सहा फुटांना एक बोट कमी.
मस्कतला जाताना सायकल माझ्या दाराशी लावून गेला.
मी चार फूट अकरा.
सीट खाली केली, हँडल जवळ ओढून घेतलं
आणि समजले, झाली माझी.

गुडघा मात्र प्रत्येक फेऱ्याला छातीकडे यायचा,
जसं लहानपणी त्याच्या चपला घालून जिना चढताना
पाय उगाच उंच उचलावा लागायचा.

फोनवर श्रीरंग म्हणाला, वेडी आहेस,
लांब दांडा म्हणजे जास्त जोर.
तरफ शिकलीस ना आठवीत?
धोंडा पहारेने हलतो, चमच्याने नाही.

लाद्रूने हे सगळं ऐकून घेतलं.
डॉकयार्ड रोडच्या त्या दुकानात बसायला तेलाचा एक डबा
आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली
अंड्याच्या आकाराची दातेरी चकती.
कुणी एजंट तीस वर्षांपूर्वी गळ्यात मारून गेला:
पाय थेट वर असताना, थेट खाली असताना
जी जागा मेलेली असते,
बारा वाजताची आणि सहा वाजताची,
ती हिने जिवंत होते म्हणे.
"झाली का?"
"जरा पटकन सरते. मेलेली ती मेलेलीच."
मग चिंधी झटकून म्हणाला,
पहार लांब, तर हाताची चालही लांब.
तुमच्या भावाला सांगा,
हिशोबात फुकट काय नसतं.

त्याने एकशे पंचावन्नची जोडी बसवली.
पेडल वरच्या टोकाला पंधरा मिलिमीटर खाली आलं,
सीट पंधरा मिलिमीटर वर गेली.
गुडघ्याला एकूण तीस.
या शहरात एवढी जागा
आजवर कुणी मला मोकळी करून दिली नव्हती.

तीन बत्ती ते हँगिंग गार्डन.
रविवार, पहाटे सव्वापाच.
दवाखान्याच्या औषधखिडकीवर दिवसभर लोकांचे डोस मोजणारी मी
पावतीच्या पाठीवर स्वतःचा चढ लिहून काढला:
जुन्या क्रँकने पाच मिनिटं बारा सेकंद, पाच अकरा.
नव्या क्रँकने पाच चौदा, पाच नऊ.
गियर एक दात हलका, पाय थोडे घाईत,
बाकी तोच रस्ता, तोच दम,
वळणावरचा तोच वॉचमन, मफलर गुंडाळून पेंगणारा.

म्हणजे फरक काहीच नाही,
श्रीरंग मस्कतहून जिंकल्यासारखा हसला.
हो रे, घड्याळाला नाही.

पण वर पोचल्यावर मी नेहमी कठड्याशी थांबायचे,
गुडघा तळव्याने दाबून धरायचे
आणि कुणी बघितलंच तर
चौपाटी बघतेय असं दाखवायचे.
त्या रविवारीही थांबले, सवयीने.
हात गुडघ्याकडे गेला.
धरण्यासारखं तिथे काही नव्हतं.
मग उरलेला वेळ कुठे घालवायचा म्हणून
चौपाटी खरंच बघितली.
दिवे अजून लागलेले होते. एक विझला. मग सगळे.

डिसेंबरात श्रीरंग आला,
गल्लीत एक चक्कर मारून उतरला:
"खेळण्यातली वाटते गं. पाय कुठे फिरतात तेच कळत नाही."
मी म्हटलं, मला नऊ वर्षं चांगलंच कळत होतं.
त्याने विचारलं, जुनी क्रँक टाकलीस?

नाही टाकली.
बंदरावरून वारा सुटला की स्वयंपाकघराची खिडकी आपटते,
तिच्या फटीत अडकवून ठेवली आहे.
एकशे सत्तर.
खिडकीला अगदी बरोबर बसते.